रन-अपला मॅग ड्रॉप पुन्हा पुन्हा येतोय? प्लग साफ करण्याआधी हे तपासा

जुनं सिंगल इंजिन विमान घेतलेल्या मालकांकडून सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या जमिनीवरच्या इंजिन तपासणीला, एकच मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) चालू ठेवला की इंजिन थरथरतं, आरपीएम दोनशेनं खाली येतात. हाच मॅग ड्रॉप. एएमई (विमानाच्या देखभालीचा लायसन्सधारक इंजिनिअर) येतो, प्लग काढून साफ करतो, विमान सुतासारखं सरळ होतं. थोडे तास उडतं आणि पुन्हा तेच सुरू.

मी एएमई आहे. कराड आणि आसपासची लहान विमानं बघतो, त्यातली बहुतेक लायकोमिंग इंजिनाची सेसना आणि पायपर. हा दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता ठामपणे सांगतो: ड्रॉप एकदा आला तर प्लग साफ करा. त्याच सिलिंडरवर दुसऱ्यांदा आला तर प्लग साफ करणं थांबवा आणि तो प्लग का भरतोय ते शोधा. बऱ्याचदा कारण इंजिनाच्या बाहेरच असतं, आणि ते शोधायला एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ते दोन वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर चालतात. एक मॅग्नेटो बंद केला की मिश्रण एकाच बाजूनं पेटतं, जळायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून आरपीएम थोडे पडतातच. सेसना १७२ च्या एम, एन आणि पी मॉडेलांच्या हँडबुकात रन-अप १७०० आरपीएमला आहे. कुठल्याही एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त ड्रॉप नको आणि दोन्हींमधला फरक ५० पेक्षा जास्त नको. पायपर चेरोकीचे आकडे वेगळे आहेत, तिथे २००० आरपीएमला १७५ पर्यंत चालतं. तुमच्या विमानाचं हँडबुक काय म्हणतं तेच धरा, शेजारच्या हँगरमधलं विमान काय म्हणतं ते नाही.

पण नुसता आकडा पुरत नाही. ड्रॉप कसा येतो ते ऐका.

ड्रॉप मोठा आहे आणि इंजिन थरथरतंय: एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. प्लग, हार्नेसची लीड (मॅग्नेटोपासून प्लगपर्यंतची तार) किंवा मॅग्नेटोचा डिस्ट्रिब्यूटर (ठिणगी सिलिंडरांना वाटून देणारा भाग). दहातल्या बहुतेक तक्रारी याच.

ड्रॉप मोठा आहे पण इंजिन गुळगुळीत चालतंय: ठिणगी चारही ठिकाणी पडतेय, पण उशिरा. टायमिंग सरकलंय. इथे प्लग साफ करून काहीही होणार नाही.

दोन्ही मॅग्नेटोंवर, आणि ‘बोथ’वरसुद्धा (दोन्ही एकदम चालू असताना) थरथर: दोन्ही मॅग्नेटो एकाच दिवशी बिघडणं दुर्मीळ. इंधन, हवा किंवा व्हॉल्व्हकडे बघा.

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर एक सिलिंडर मुकं असतं आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप ठीक होतं: हा प्लगचा दोष नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (ज्या नळीत तो सरकतो तिथे) अडकायला लागल्याची ही खूण आहे. इथेच थांबा आणि एएमईला बोलवा. व्हॉल्व्ह हवेत पूर्ण अडकला तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकतो आणि ते सिलिंडर गेलंच म्हणून समजा. लायकोमिंगची सर्व्हिस बुलेटिन ३८८ यासाठीच आहे.

आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण, ज्याची तक्रार कुणीच करत नाही: ड्रॉप अजिबात येत नाही. मालक खूश होऊन सांगतो, “यंदा मॅग्नेटो एकदम फर्स्टक्लास आहेत, सुई हलतसुद्धा नाही.” सुई हलत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा असा की स्विच फिरवूनही तो मॅग्नेटो बंद होत नाही. पी-लीडची (मॅग्नेटोपासून स्विचपर्यंतची) तार तुटली आहे किंवा स्विच खराब आहे. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्याची पी-लीड स्विचमधून विमानाच्या धातूला जोडली (अर्थ झाली) तरच तो बंद होतो, तार तुटली की तो कायम चालू. किल्ली खिशात असली तरी कुणी पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवला तर इंजिन पेटू शकतं. त्या दिवशी पंख्याजवळ कुणालाही जाऊ देऊ नका, विमानावर ठळक पाटी लावा आणि फोन करा.

पहिली तपासणी: वही आणि पेन

हसण्यावारी नेऊ नका. तारीख, बाहेरचं तापमान, इंजिन गार की गरम, किती वेळ टॅक्सी झाली (विमान जमिनीवर चालवलं), कोणता मॅग्नेटो, किती ड्रॉप, थरथर होती की नाही. एवढं लिहायला एक मिनिट लागतं. पाच-सहा नोंदी झाल्या की दोष स्वतःच बोलायला लागतो. नेहमी गरम इंजिनावर येत असेल तर मॅग्नेटोची कॉइल किंवा कंडेन्सर. फक्त पावसाळ्यात येत असेल तर हार्नेसमध्ये ओल. लांब टॅक्सीनंतर येत असेल तर मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण. ही नोंद नसेल तर एएमई अंदाजानं काम करतो, आणि त्या अंदाजाचं बिल तुम्हीच भरता.

दुसरी: प्लग जाळून मोकळा होतो का

रन-अपला ड्रॉप आला तर विमान वाऱ्याकडे तोंड करून, ब्रेक धरून, दोन्ही मॅग्नेटोंवर थ्रॉटल १८०० ते २००० आरपीएमला न्या. मिक्स्चर हळूहळू मागे घ्या, म्हणजे पेट्रोल कमी करा. आरपीएम थोडे चढतात आणि मग उतरायला लागतात, तिथे अर्धा ते एक मिनिट ठेवा. तेलाचं तापमान आणि सिलिंडर हेड टेंपरेचर बघत राहा. मग मिक्स्चर परत पुढे करून पुन्हा तपासा.

ड्रॉप गेला तर प्लगवर मऊ काजळी होती, जळून गेली. नाही गेला तर आणखी एकदा करून बघा, तिसऱ्यांदा नाही. पेट्रोलमधल्या शिशाचा प्लगवर गोठलेला मणी असा जळत नाही, आणि जमिनीवर उभ्या इंजिनाला पुरेशी थंड हवाही मिळत नाही. आकडा मर्यादेत आला नाही तर विमान परत पार्किंगला. “हवेत गेल्यावर साफ होईल” हे वाक्य मी फार ऐकलं आहे. कराडच्या धावपट्टीवरून उठल्यावर पुढे उसाचे फड, विजेच्या तारा आणि वस्त्या आहेत. तिथे उतरायची वेळ येऊ नये म्हणूनच रन-अप असतो.

तिसरी: जमिनीवर मिक्स्चर कुठे असतं

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भागातला निम्मा त्रास इथेच आहे.

आज मिळणारं विमानाचं पेट्रोल १०० एलएल, निळ्या रंगाचं. नावात ‘लो लेड’ असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. जुन्या १७२ एममधलं १५० अश्वशक्तीचं ओ-३२०-ई२डी इंजिन मुळात ८०/८७ या लाल पेट्रोलसाठी बनवलं होतं, आणि त्यातल्या शिशाची मर्यादा याच्या चौथा हिस्सा होती. म्हणजे इंजिन तेच, शिसं चौपट. हे शिसं धुरातून बाहेर पडावं म्हणून पेट्रोलमध्येच ब्रोमीनचं रसायन घातलेलं असतं, पण ते काम करायला प्लगचं टोक पुरेसं गरम असावं लागतं. इंजिन मंद फिरतंय आणि मिक्स्चर पूर्ण पुढे आहे, तर टोक गारच राहतं आणि शिसं तिथेच बसतं.

आता कराडचं गणित बघा. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ च्या सुमाराला बांधलेला हा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी ३८ अंश असताना घनता-उंची पाच हजार फुटांच्या वर जाते. इंजिनाला मिळणारी हवा पाच हजार फुटांवरची, आणि कार्बोरेटर पूर्ण रिचवर (मिश्रणात पेट्रोल जास्त) समुद्रकिनाऱ्याच्या हिशेबानं पेट्रोल ओततोय. अशा अवस्थेत दहा मिनिटं टॅक्सी केली की खालचे प्लग भरणारच.

म्हणून इंजिन सुरू होऊन स्थिर झालं की जमिनीवर मिक्स्चर चांगलं मागे घ्या. इतकं मागे, की चुकून त्याच अवस्थेत टेकऑफची पॉवर दिली तर इंजिन अडखळावं. थोडंसं मागे घेणं सगळ्यात वाईट, कारण ते विसरलं जातं आणि टेकऑफला इंजिन तापवतं. टॅक्सीत १००० ते १२०० आरपीएम ठेवा, ६०० वर घोंघावत उभं राहू नका. टेकऑफच्या आधी मिक्स्चर हँडबुकात सांगितलंय तिथे, न चुकता. बंद करताना लायकोमिंगची शिफारस अशी की १८०० आरपीएमला १५ ते २० सेकंद चालवा, मग १२०० वर आणून मिक्स्चरनं बंद करा. या एवढ्या सवयीनं गेलेला ड्रॉप मी पाहिला आहे, आणि तोही अशा विमानांतला जिथे आधी प्लगचे दोन-दोन संच बदलून झाले होते.

बंद करतानाच एक फुकटची तपासणी करा. मिक्स्चर मागे खेचताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन मरण्याआधी काटा थोडा वर जातो. ५० पेक्षा जास्त वर गेला तर कार्बोरेटरचं आयडल मिक्स्चर फार रिच लावलेलं आहे. ते जुळवणं एएमईचं काम आहे, पण पकडायचं काम तुमचं.

चौथी: प्रायमर, कार्ब हीट, एअर फिल्टर

प्रायमरची (सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या हातपंपाची) मूठ आत ढकलून फिरवून कुलूपबंद केली आहे का? ती नीट बसली नसेल तर इंजिन प्रायमरच्या नळीतून जास्तीचं पेट्रोल ओढत राहतं, आणि ज्या सिलिंडरला ती नळी जोडलेली असते त्याचेच प्लग काळे पडतात. विट्याच्या एका मालकाच्या विमानात एकाच सिलिंडरचे वरचे-खालचे दोन्ही प्लग दर वेळी काजळीनं भरलेले निघायचे. मूठ कुलूपबंद होती, पण आतल्या ओ-रिंगा वाळून कडक झाल्या होत्या, म्हणून गळती सुरू होती. रबराच्या दोन बारीक रिंगा बदलल्या आणि तक्रार मिटली.

कार्ब हीटची (कार्बोरेटरला गरम हवा देणारी) मूठ पूर्ण आत आहे का तेही बघा. गरम हवा विरळ असते, मिश्रण रिच होतं, शिवाय ती हवा फिल्टरला वळसा घालून येते, म्हणजे धूळही आत.

एअर फिल्टर मात्र आपल्याकडे खास बघावा लागतो. कृष्णाकाठी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोडीआधी पेटवलेल्या फडांची आणि तोडीनंतर जाळलेल्या पाचटाची काळी राख हवेत असते. पांढऱ्या विमानाच्या पंखांवर ती बोटानं रेघ ओढता येईल इतकी साचते. तीच राख फिल्टरमध्ये जाते. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मिश्रण रिच. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. मॅन्युअलमध्ये तासांचा हिशेब दिलेला असतो, पण नोव्हेंबर ते मार्च त्या हिशेबावर विसंबू नका. नवा फिल्टर प्लगच्या एका संचापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. फिल्टर मॉडेलला मंजूर असलेलाच हवा, मोटारसायकलच्या दुकानातला स्पंज कापून बसवायचा नाही.

पाचवी: गार सिलिंडर कोणतं

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि ड्रॉप तरीही असेल, तर कोणतं सिलिंडर पेटत नाही ते शोधायचं. दुकानात मिळणारा बिनस्पर्शाचा थर्मामीटर पुरतो. हे काम दोघांनी करायचं, चाकांना अडथळे लावून, आणि एकजण कायम आत बसलेला.

इंजिन गरम करून बंद करा, थोडं निवू द्या. पुन्हा सुरू करून लगेच दोषी मॅग्नेटोवर आणा. १००० ते १२०० आरपीएमला मिनिटभर चालवा आणि त्याच मॅग्नेटोवर असताना मिक्स्चरनं बंद करा. किल्ली ऑफ करून, काढून, डॅशबोर्डवर बाहेरच्याला दिसेल अशी ठेवा. पंखा पूर्ण थांबल्यावरच पुढे जा, आणि थांबलेला पंखाही चालू असल्यासारखाच माना. मग चारही एक्झॉस्ट पाइप सिलिंडरच्या तोंडाजवळ, सारख्याच अंतरावर मोजा. तीन गरम आणि एक स्पष्ट गार दिसेल. लायकोमिंगमध्ये आकडे पायलटच्या जागेवरून मोजायचे: पुढचं उजवं १, पुढचं डावं २, मागचं उजवं ३, मागचं डावं ४.

हा आकडा वहीत लिहा. या एका आकड्यामुळे एएमईचा अर्धा दिवस वाचतो. आठऐवजी एक प्लग आणि एक लीड, एवढ्यावर काम येतं.

इंजिन मॉनिटर (प्रत्येक सिलिंडरचं तापमान दाखवणारं उपकरण) बसवलेला असेल तर हीच गोष्ट आणखी चांगली कळते, तीही हवेत. एका मॅग्नेटोवर नेलं की सगळ्या सिलिंडरांचं ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) वर जायला हवं, कारण मिश्रण उशिरापर्यंत जळतं. ज्या सिलिंडरचं खाली कोसळतं त्याचाच प्लग दोषी. ही तपासणी उंचीवर, विमानतळ टप्प्यात असताना करायची.

इथून पुढे एएमई

अमेरिकेत मालक-पायलट स्वतः प्लग काढून, साफ करून लॉगबुकात नोंद करू शकतो, आणि इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ तिथले असतात. आपल्याकडे प्लगला पाना लागला की लायसन्सधारक एएमईची सही लागते. सही नसेल तर विमान उडण्यायोग्य नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. तरीही पुढचं वाचा. काम आपल्यासमोर करून घेणारा आणि काय चाललंय ते समजणारा मालक मला सगळ्यात जास्त आवडतो.

प्लग निघाले की ते ट्रेमध्ये सिलिंडरच्या क्रमानं, वरचे-खालचे वेगळे ठेवलेले असले पाहिजेत. एकाच डब्यात सगळे टाकले की माहिती गेली. कोरडी मऊ काजळी म्हणजे रिच मिश्रण, परत तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जा. खालचे प्लग तेलानं थोडे ओले असणं चालतं. वरचा प्लग तेलात भिजलेला निघाला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे कंप्रेशन तपासायची वेळ आली. शिसं असेल तर भिंगातून बघा. मधल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या आणि बाहेरच्या धातूच्या मधल्या खोबणीत करड्या-पिवळट रंगाचे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक मणी घट्ट बसलेले दिसतात. एखादा अगदी इलेक्ट्रोडच्या फटीत अडकलेला असतो, आणि ठिणगी उडी मारण्याऐवजी त्या मण्यातून गुपचूप निघून जाते. टोकदार हत्यारानं किंवा व्हायब्रेटरनं तो काढायचा. वाळूचा झोत हलका आणि थोडाच वेळ, नाहीतर सिरॅमिक झिजतं. सिरॅमिकला तडा दिसला तर प्लग थेट फेकायचा. तडकलेलं सिरॅमिक लालबुंद होऊन मिश्रण वेळेआधी पेटवतं आणि पिस्टनला भोक पाडतं. हातातून जमिनीवर पडलेला प्लगही तसाच बाद.

मग मल्टिमीटर. प्लगच्या आतला रेझिस्टर तपासायला सांगा. ५००० ओहमच्या वर गेला असेल तर प्लग कितीही चकचकीत असला तरी बदलायचा. हीच तपासणी बरेचजण करत नाहीत, आणि “आत्ताच साफ केले होते” म्हणून परत येणाऱ्या विमानांत दोष अनेकदा इथेच सापडतो. गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. बसवताना नवं तांब्याचं वॉशर, टॉर्क रेंचनं ३० ते ३५ फूट-पाउंड.

संशयित प्लग मुद्दाम दुसऱ्या सिलिंडरला बसवून घ्या. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग. जागेवरच राहिला तर लीड, मॅग्नेटो किंवा ते सिलिंडर. काही मिनिटांच्या या अदलाबदलीनं हजारो रुपयांची चुकीची खरेदी टळते.

पावसाळ्यातला हार्नेस

जून ते सप्टेंबर या महिन्यांत विमान उघड्यावर, नुसत्या कव्हरखाली उभं असेल तर ओल हार्नेसच्या टोकांत शिरते. लीडचं टोक प्लगच्या ज्या विहिरीत बसतं तिथे पाण्याचा एक थेंब पुरेसा असतो. ठिणगी टोकाला जाण्याआधीच भिंतीवरून धातूत उतरते आणि सिरॅमिकवर पेन्सिलनं काढल्यासारखी काळी रेघ सोडते. एकदा ती रेघ पडली की कोरड्या दिवशीही वीज त्याच वाटेनं जाते. टोकं आणि विहीर अल्कोहोलनं पुसून, पूर्ण वाळवून बसवायची, टोकाला उघड्या बोटानं हात लावायचा नाही. रेघ दिसलीच तर प्लग बदला, लीड हाय-टेन्शन टेस्टरवर तपासून घ्या. नुसत्या मल्टिमीटरनं लीड पास होते आणि कामाच्या व्होल्टेजला फुटते, म्हणून टेस्टरचा आग्रह धरा. इंजिन काउलिंगमध्ये पाणी जाईल अशा जागी विमान धुणंही बंद करा.

मॅग्नेटो: इथे बाहेरच्या कुणीही हात घालू नये

टायमिंग पाहणं विमानावरच होतं. ओ-३२० च्या या मॉडेलांत २५ अंश, पण खरा आकडा इंजिनाच्या डेटा प्लेटवर असतो, तो वाचून घ्या. बाकी आतलं सगळं, म्हणजे पॉइंट, कॅम, कॉइल, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरचा गिअर आणि इंपल्स कपलिंग (सुरू करताना ठिणगी मुद्दाम उशिरा पाडणारा भाग), मंजूर शॉपमध्येच. ५०० तासांनी मॅग्नेटो उघडून तपासायचा असतो. हा आकडा लॉगबुकात सापडत नसेल तर तपासणी झालेलीच नाही असं समजा. सुरू करताना इंजिन उलटा झटका देत असेल तर स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबू नका. इंपल्स कपलिंग गेलेलं असेल तर ठिणगी फार लवकर पडते आणि स्टार्टरचं तोंड तुटतं. कपलिंगचा तुकडा इंजिनात पडला तर ओव्हरहॉलच.

विमान घेताय, मग हे आधी

सांगली, इस्लामपूर, कराडकडचे दोन-तीन जण मिळून विमान घ्यायचा विचार करतात तेव्हा रंग, सीटा आणि रेडिओ आधी बघितले जातात. मी लॉगबुकात स्पार्क प्लगच्या नोंदी वाचतो. ‘प्लग साफ केले’ ही ओळ एकाच वर्षात तीन-चार वेळा दिसली तर विकणाऱ्यानं कारण शोधलेलं नाही, ते आता तुम्ही शोधणार आहात. त्याप्रमाणे किंमत पाडा. रन-अप गार इंजिनावर बघू नका. तासभर उडवून आणल्यावर, गरम इंजिनावर, स्वतः दोन्ही मॅग्नेटो फिरवून बघा. शेवटी आयडलला क्षणभर ऑफ करून इंजिन खरंच मरायला लागतं का तेही बघा, म्हणजे पी-लीड कळते.

१९७७ ते १९८० च्या १७२ एनवर ओ-३२०-एच२एडी इंजिन असतं. त्यात दोन मॅग्नेटो एकाच घरात, एकाच ड्राइव्हवर आहेत. दिसायला दोन, पण तो ड्राइव्ह गेला तर दोन्ही एकदम. त्याचे सुटे भाग आणि ते काम करणारे हात दोन्ही सहज मिळत नाहीत. विमान वाईट नाही, मी ती आनंदानं सांभाळतो, पण मॅग्नेटोच्या शेवटच्या ओव्हरहॉलचा कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. १९८१ पासूनच्या १७२ पीमध्ये दोन वेगळे मॅग्नेटो आहेत.

सुधारणा करायची असेल तर पहिला पैसा चार सिलिंडरांच्या इंजिन मॉनिटरवर घाला. मग हवं तर इरिडियमच्या बारीक तारेचे प्लग, ते कमी भरतात. पण प्रायमर गळत असताना महाग प्लग बसवले तर तेही भरतील, फक्त जरा उशिरा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगली गोष्ट आहे, मात्र परदेशातली मंजुरी इथे आपोआप लागू होते असं धरू नका. खोकं मागवण्याआधी एएमई आणि डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) लेखी काय लागेल ते विचारा. माल आल्यावर कागदासाठी विमान महिनोन्‌महिने उभं राहिलेलं मी बघितलं आहे.

हवेत असताना थरथर सुरू झाली तर

आधी कार्ब हीट पूर्ण ओढा. पावसाळी हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ होणं आपल्याकडेही शक्य आहे. बर्फ वितळताना थरथर क्षणभर वाढते, तेव्हा मूठ परत ढकलू नका. मग मिक्स्चर पुढे-मागे. तरी नाही गेली तर एकेक मॅग्नेटो लावून बघा. एकावर इंजिन गुळगुळीत चाललं तर त्याच मॅग्नेटोवर राहा, मिक्स्चर थोडं रिच करा आणि जवळच्या विमानतळावर उतरा. घरच्या नव्हे, जवळच्या.

एएमईला फोन करताना एवढं सांगा: इंजिनाचं पूर्ण मॉडेल, कोणता मॅग्नेटो, किती ड्रॉप, थरथर की गुळगुळीत, गार की गरम, जाळून बघितलं का, कोणतं सिलिंडर गार निघालं, आणि प्लग व मॅग्नेटोचे शेवटच्या कामानंतरचे तास. हे हातात असेल तर मी निघतानाच योग्य सामान गाडीत टाकतो, आणि विमान बहुतेक वेळा त्याच दिवशी सुटतं.